सहाचा आकडा आणि रोजची गोळी

हर्पिस हा शब्द मराठी घरात पोचतो तो बहुधा नागीण होऊनच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो दिसला की घरातलं कुणीतरी वडीलधारं गेरू उगाळायला घेतं, आणि नागिणीची दोन्ही तोंडं जुळली तर काय, ही जुनी धास्ती वर येते. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू उतारवयात किंवा अशक्तपणात पुन्हा डोकं वर काढतो, अंगाच्या एकाच बाजूला पट्टा उठतो आणि बहुतेकांना तो आयुष्यात एकदाच होतो. जननेंद्रियांवरच्या हर्पिसचा विषाणू निराळा, त्याचं नाव हर्पिस सिम्प्लेक्स, आणि परत परत येणं हा त्याचा स्वभावच आहे. एकदा होऊन जाणाऱ्या दुखण्यात औषध किती दिवस घ्यायचं एवढंच विचारायचं असतं. परत येणाऱ्या दुखण्यात आणखी एक प्रश्न मागे लागतो: फोड आले की तेवढ्यापुरती गोळी घ्यायची, की ते येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची? आणि रोज घ्यायची तर सुरुवात कधी करायची?

या प्रश्नाला गेली कित्येक वर्षं एक तयार उत्तर मिळत आलं आहे: वर्षात सहा किंवा अधिक वेळा त्रास होत असेल तर रोजची गोळी. हा आकडा आला कुठून आणि त्याला किती मान द्यायचा, हे पाहायला हवं. कारण पाच वेळा त्रास होणारी कितीतरी माणसं या एका आकड्यापायी दार बंद आहे असं समजून मुकाट्याने सोसत राहतात.

आधी विषाणूची राहणी समजून घेऊ. हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार. पहिला मुख्यतः ओठांवर उठतो. तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात आणि आपण 'तोंड उतलं' म्हणतो, ते बहुतेक वेळा त्याचंच काम. पण मुखमैथुनातून तो जननेंद्रियांवरही येतो. दुसरा प्रकार मुख्यतः जननेंद्रियांचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजाप्रमाणे १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियांचा हर्पिस आहे, म्हणजे पाचांतल्या एकाहून अधिकांना. त्यातल्या बहुसंख्यांना आपल्याला काही झालं आहे याचा पत्ताही नसतो. कारण पुष्कळांत तो गप्प असतो, किंवा इतका सौम्य येतो की खाज, घामोळं, ब्लेड लागलं असेल, अशा नावांखाली निभावून जातो.

पहिली खेप सहसा सर्वांत कठीण. फोड, त्यांच्या जखमा, जांघेत अवधाण, ताप, लघवी करताना डोळ्यांत पाणी येईल अशी आग. दोन-तीन आठवड्यांत जखमा भरतात, पण तोवर विषाणू संवेदनेच्या मज्जातंतूंवरून वर चढून कण्याच्या खालच्या टोकाजवळ, मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन बसलेला असतो. तिथून तो कायमचा निघत नाही. अधूनमधून त्याच तंतूंवरून खाली उतरतो. किती वेळा, हे प्रकारावर ठरतं. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या नोंदींत, दुसऱ्या प्रकाराची पहिली खेप होऊन गेलेल्यांमध्ये पहिल्या वर्षात परत येण्याची मधली संख्या चार होती. ३८ टक्क्यांना सहा किंवा जास्त वेळा त्रास झाला, २० टक्क्यांना दहाहून अधिक वेळा. पहिल्या प्रकारात मात्र वर्षाला एखादीच खेप, आणि कित्येकांत पुढे तीही नाही. म्हणून ताज्या फोडाच्या पाण्याची पीसीआर तपासणी करून प्रकार ठरवून घेणं, हे माझ्या मते रोजच्या गोळीच्या निर्णयाचं पहिलं पाऊल आहे. आपल्याकडे ते फार वेळा राहून जातं. फोड नजरेने ओळखले जातात, औषध दिलं जातं आणि प्रकार कोणता हे कायमचं अंधारात राहतं.

औषधाची गोष्ट समजली की पुढचा बराच गोंधळ मिटतो. असायक्लोव्हिर हे औषध बरोज वेलकम या कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत तयार झालं. त्या कामात गर्ट्रूड एलियन यांचा मोठा वाटा होता आणि १९८८ सालच्या नोबेलच्या त्या एक मानकरी होत्या. या औषधाची करामत अशी की ते शरीरात शिरतं तेव्हा जवळजवळ निष्क्रिय असतं. विषाणूकडे स्वतःचं एक विकर असतं. ते विकर या औषधाला पहिला टाका घालतं आणि मगच ते कामाला लागतं. म्हणजे ज्या पेशीत विषाणू वाढतो आहे तिथेच औषध जागं होतं, निरोगी पेशींना ते फारसं शिवत नाही. रोज, वर्षानुवर्षं घेता येण्याइतकं ते निर्धोक ठरलं त्याचं मूळ इथे आहे. आणि त्याची मर्यादाही इथेच आहे. मज्जातंतूंच्या गाठींत झोपलेला विषाणू वाढतच नसतो, ते विकर बनवत नसतो, त्यामुळे औषधाला तिथे काही करता येत नाही. १९८४ साली रोज औषध देऊन पाहणाऱ्या पहिल्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या तेव्हाच हे दिसलं: घेत असेपर्यंत फोड थांबले, थांबवल्यावर परत आले.

त्या आणि त्यानंतरच्या चाचण्यांमध्येच सहाच्या आकड्याचा उगम आहे. औषधाने खेपा कमी होतात हे ठरावीक मुदतीत सिद्ध करायचं तर वारंवार त्रास होणारी माणसंच घ्यावी लागतात. ज्याला वर्षात एकदाच त्रास होतो त्याच्यात फरक दिसायला दहा वर्षं लागतील. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, असायक्लोव्हिरचंच दुसरं रूप असलेल्या व्हॅलासायक्लोव्हिरच्या मोठ्या चाचणीत १४७९ जण होते आणि आत यायची अट होती वर्षाला सहा किंवा अधिक खेपा. औषध लागू पडलं. मग ज्यांच्यात ते सिद्ध झालं त्यांच्यासाठी ते, अशी शिफारस लिहिली गेली, आणि चाचणीच्या दारावरची अट दवाखान्याच्या दारावर येऊन बसली. पाचव्या आणि सहाव्या खेपेमध्ये शरीरात काही बदलत नाही. आज अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची मार्गदर्शक सूत्रं पहिल्या खेपेपासूनच दोन्ही मार्ग रुग्णासमोर ठेवा असं सांगतात. ब्रिटनच्या सूत्रांतही सहाचा उल्लेख आहे, पण त्याहून कमी खेपांतही त्रास मोठा असेल तर रोजची गोळी देता येते हे त्यांना मान्य आहे. मला हाच विचार योग्य वाटतो. आकडा हवा, पण तो एकटा पुरत नाही.

समजा, एक बाई आहे. शाळेत शिकवते, दिवसाचे पाच तास उभं राहणं आणि वर एसटीचा प्रवास. तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यात दुधाच्या खाड्यांच्या फुल्या, गॅस सिलिंडरची तारीख, आणि काही तारखांच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका, जो फक्त तिलाच कळतो. फेब्रुवारीत एक, एप्रिलच्या परीक्षांत एक, जुलैत, ऑक्टोबरच्या अखेरीस. चार ठिपके. सहाच्या मापाने ती रोजच्या गोळीला पात्र नाही. पण प्रत्येक ठिपक्यामागे आठ दिवस आहेत: आधी दोन दिवस मांडीच्या आतून ओढ आणि मुंग्या, मग बसता येऊ नये अशी जखम, लघवी लांबवायची म्हणून दिवसभर पाणी न पिणं, आणि नवऱ्याला काय सांगायचं याचा घोर. शिवाय ठिपके नसलेले दिवसही मोकळे नाहीत. प्रत्येक खाजेला ती दचकते. दुसरीकडे असा माणूस घ्या की ज्याला वर्षात सात वेळा उठतं, पण दोन-तीन दिवसांत, बारीक पुरळासारखं येऊन जातं. खूण लवकर कळते, तो गोळ्या घेतो आणि कामाला लागतो. आकड्याने पाहिलं तर रोजची गोळी याला आणि तेवढ्यापुरती तिला. त्रासाने पाहिलं तर नेमकं उलट.

ती खूण कळते की नाही यावर खूप काही अवलंबून आहे. तेवढ्यापुरतं औषध कामाला यायचं तर ते मुंग्या-ठणका सुरू होताच, किंवा फोड दिसल्यापासून एका दिवसाच्या आत पोटात जायला हवं. म्हणजे गोळ्या आधीच घरात हव्यात. चिठ्ठी काढून, दुकान गाठून, दुसऱ्या दिवशी सुरू केलेल्या औषधाचा उपयोग पुष्कळ घटतो. ज्यांना पूर्वसूचना मिळतच नाही, फोड थेट दिसतो, त्यांना तेवढ्यापुरत्या मार्गाचा फायदा कमीच. अशांनी खेपा कमी असल्या तरी रोजच्या गोळीचा विचार लवकर करावा.

रोजच्या गोळीने मिळतं काय? वारंवार त्रास होणाऱ्यांत खेपा ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतात, आणि पुष्कळांना महिनोन् महिने काहीच होत नाही. नेहमीची मात्रा असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम एकदा. वर्षाला दहा किंवा जास्त खेपा असतील तर ५०० अपुरी पडू शकते, मग एक ग्रॅम. व्हॅलासायक्लोव्हिर म्हणजे असायक्लोव्हिरच, फक्त आतड्यातून रक्तात जास्त प्रमाणात पोचेल अशा रूपात, म्हणून दिवसातून एकदा पुरतं. १९९३ साली पाच वर्षांचा एक पाठपुरावा प्रसिद्ध झाला. वर्षाला बाराहून अधिक खेपा असणाऱ्यांत रोज असायक्लोव्हिर घेतल्यावर पाचव्या वर्षी सरासरी एकाच्याही खाली आली.

आता जोडीदाराचा प्रश्न. खेपांची मोजणी इथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. फोड नसतानाही विषाणू त्वचेवर येतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना दुसऱ्या प्रकाराचा त्रास होत होता त्यांच्यात तपासलेल्या दिवसांपैकी २० टक्के दिवशी विषाणू सापडला. ज्यांना कधीच लक्षण जाणवलं नव्हतं त्यांच्यातही १० टक्के दिवशी. संसर्ग बहुतेक वेळा अशाच कोऱ्या दिवशी होतो. २००४ साली १४८४ जोडप्यांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला. त्यात एकाला दुसरा प्रकार होता, दुसऱ्याला नव्हता. आठ महिने बाधित जोडीदाराला रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. नकली गोळीच्या गटात ३.६ टक्के जोडीदारांना लागण झाली, औषधाच्या गटात १.९ टक्के. म्हणजे शंभर जोडप्यांत साडेतीनाच्या जागी दोन. जवळजवळ निम्म्याने धोका घटला, शून्य झाला नाही. निरोधाचे सल्ले दोन्ही गटांना होतेच, आणि फोड असताना संबंध टाळणं हेही. या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या जोडीला लागतात.

या चाचणीची व्याप्ती सांगायला हवी. ती स्त्री-पुरुष जोडप्यांवर, दुसऱ्या प्रकारासाठी आणि एचआयव्ही नसलेल्यांवर झाली. पहिल्या प्रकारात गोळीने लागण किती टळते याचा असा पुरावा नाही. आणि ज्याला हर्पिसबरोबर एचआयव्हीही आहे त्याच्याकडून जोडीदाराला हर्पिस होणं रोजच्या गोळीने कमी झालेलं दिसलं नाही. हर्पिस असलेल्यांना एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो म्हणून असायक्लोव्हिर देऊन ती लागण टळेल अशी मोठी आशा होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने ती पुरी केली नाही. जखमा कमी झाल्या, एचआयव्ही कमी झाला नाही.

लग्न ठरलेल्या किंवा नव्याने जुळलेल्या जोडप्यात एकाला हर्पिस असेल तर, वर्षाला एकच खेप असली तरी, रोजची गोळी सुरू करायला माझ्या दृष्टीने ते पुरेसं कारण आहे. मात्र ती समोरच्याला सांगण्याऐवजी घेतली जाऊ नये. गोळी धोका निम्मा करते, उरलेल्या निम्म्याचा निर्णय ज्याच्या अंगावर तो येणार त्याला कळून घेता आला पाहिजे. आणि संसारातल्या एका मोठ्या कलहाबद्दल इथेच लिहितो. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर एकाला पहिल्यांदा फोड आले म्हणजे दुसऱ्याने बाहेर काही केलं, असं त्यातून सिद्ध होत नाही. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, पहिली दिसलेली खेप ही जुन्या संसर्गाचीही असू शकते, आणि तो कुणाकडून कुणाकडे आला हे तपासणीने सांगता येत नाही. हे वेळेत कुणी सांगितलं असतं तर काही घरं मोडली नसती असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या खेपेनंतर लगेच सुरू करावं का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. लगेच सुरू करावं म्हणणारे सांगतात की पहिलं वर्ष सर्वांत वाईट, विषाणू त्वचेवर येण्याचं प्रमाणही तेव्हाच जास्त आणि मनही तेव्हाच सर्वांत हललेलं. थांबावं म्हणणारे विचारतात, स्वतःच्या दुखण्याची चाल कळायच्या आत ती झाकून टाकली तर पुढे गरज होती की नव्हती हे कळणार कसं? माझा कौल प्रकारावर आहे. पहिला प्रकार निघाला तर थांबावं, कारण तो परत येईलच असं नाही. दुसरा निघाला, पहिली खेप कडक होती आणि जोडीदाराला संसर्ग नाही, तर पहिल्या वर्षापुरती गोळी घ्यायला हरकत नाही. या दोन टोकांच्या मधल्या कुणालाही घरात तेवढ्यापुरत्या गोळ्या ठेवून सहा महिने ठिपके टाकत पाहता येईल.

काही ठिकाणी मोजणीला जागाच नाही. गरोदर बाईला हर्पिस असेल तर ३६व्या आठवड्यापासून बाळंत होईपर्यंत असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात, तिला आधी एकदाच त्रास झालेला असला तरी. उद्देश हा की कळा सुरू होताना जखम नसावी आणि त्यासाठी पोट फाडावं लागू नये. जुना हर्पिस असलेल्या बाईच्या बाळाला लागण होण्याचा धोका एका टक्क्याहून कमी. खरा धोका शेवटच्या महिन्यांत नव्याने लागण झालेल्या बाईच्या बाळाला, ३० ते ५० टक्के. म्हणून नवऱ्याला हर्पिस असेल आणि बायकोला नसेल तर सातव्या महिन्यापुढे संबंध टाळणं हाच सरळ मार्ग. एचआयव्हीची औषधं नुकतीच सुरू झालेल्या आणि सीडी-४ पेशी २००च्या खाली असलेल्यांनाही सुरुवातीचे सहा महिने रोजची गोळी द्यावी का याचा विचार होतो, कारण त्या काळात जखमा उफाळतात. फोडांमागोमाग अंगभर चट्टे उठणाऱ्या मोजक्या लोकांना ती लागतेच.

उलट, जिथे सुरू करू नये अशीही एक जागा आहे. कुठल्याशा पॅकेजमधल्या रक्ततपासणीत हर्पिसची आयजीएम पॉझिटिव्ह आली, अंगावर कधी काही नाही, आणि माणूस हादरून गोळ्या मागतो. आयजीएमवरून प्रकारही कळत नाही आणि संसर्ग नवा की जुना हेही कळत नाही. दुसऱ्या प्रकाराची आयजीजीसुद्धा कमी आकड्याने पॉझिटिव्ह आली तर पुष्कळदा खोटी ठरते. लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये, असंच जाणत्या संस्था सांगतात. अशा कागदावर वर्षानुवर्षांचं औषध उभारू नये.

गोळीबद्दलच्या भीतीचा नीट विचार करायला हवा, कारण खरा अडसर तीच असते. 'रोजचं औषध गरम पडेल', 'किडन्या जातील', 'सवय लागेल', 'विषाणू औषधाला सरावेल'. किडनी निरोगी असेल तर या मात्रेत वारंवार रक्त तपासायची गरज नसते. किडनी आधीच अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते, नाहीतर औषध साचून भ्रम, गोंधळ होऊ शकतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. सवय लागत नाही. औषधाला न जुमानणारा विषाणू प्रतिकारशक्ती धड असलेल्यांत एका टक्क्याहून कमी आढळतो, आणि वर्षानुवर्षं रोज घेतल्याने तो वाढलेला दिसला नाही. मलमाचा मात्र भरवसा धरू नये. दुकानातून सहज मिळतं म्हणून ते लावलं जातं, पण या दुखण्यात त्याचा उपयोग नगण्य.

सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांवरून औषधांचे रंगीत किट देण्याची पद्धत आहे, त्यात हर्पिसच्या जखमांसाठी लाल किट: असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. पहिल्या खेपेला ते उत्तम. पण सात दिवस संपल्यावर बाई किंवा बुवा दाराबाहेर पडतो तेव्हा हे परत येऊ शकतं, आलं तर अमुक कर, वारंवार आलं तर रोजची गोळीही आहे, एवढी तीन वाक्यं त्याच्या कानावर पडलेली असायला हवीत. खर्च त्यांत नाही, वेळही मिनिटभराचा. पुढच्या खेपेला तो लाजून क्लिनिकमध्ये यायचाच नाही, हे धरून ती पहिल्याच भेटीत सांगायला हवीत.

सुरू करताना एवढी धास्ती वाटते त्याचं एक कारण, माणसं ती जन्माची गाठ समजतात. तसं नाही. साधारण वर्षभरानंतर थांबवून पाहावं. बहुतेकांचा हर्पिस काळाबरोबर शमत जातो, सगळ्यांचा मात्र नाही. थांबवल्यावर पहिली खेप लवकर आणि जरा जोराने येऊ शकते, तिच्यावरून घाईने निकाल लावू नये. निदान दोन खेपा येऊ द्याव्यात, त्यांच्यातलं अंतर आणि त्रास पाहावा आणि मग ठरवावं. थांबवण्यासाठी परीक्षांचा महिना, लग्नाचा हंगाम किंवा लांबचा प्रवास निवडू नये. त्या शिक्षिकेने मे महिन्याच्या सुटीत थांबवावी, तेवढ्यापुरत्या गोळ्यांचं एक पाकीट पर्समध्ये ठेवावं आणि कालनिर्णयावर पेन्सिल पुन्हा हाती घ्यावी. वर्षअखेरीस ठिपके दोनच निघाले, तर ते पाकीटच पुरेल. ऑगस्टपर्यंतच तीन झाले, तर डॉक्टरांना विचारून रोजची गोळी पुन्हा सुरू करता येते, आणि ती आधीइतकीच लागू पडते.